गेरूने लिहिलेला पासवर्ड

गेल्या वर्षी देवदीपावलीच्या आदल्या मंगळवारी, सकाळी पूजेच्या वेळेला, काशीतल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत तीन माणसे लोखंडी सळया घेऊन आक्कांच्या घरात शिरली. आत जाताना तिघेही आपल्या पायांनी गेले. बाहेर येताना दोघे चालत होते आणि तिसऱ्याला त्यांनी उचलून धरले होते. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. घरात आक्कांचा नातू नचिकेत न्हाणीच्या उंबऱ्यावर पडला होता आणि त्याच्या उजव्या डोळ्यातून रक्त येत होते. आक्का तेव्हा ऐंशीला टेकल्या होत्या. गुडघा त्यांनी फोडला होता.

आक्का मारत असत. त्यांच्याबद्दल हे सर्वांत आधी सांगावे लागते, कारण गल्लीत त्यांची ओळख तीच होती. दाराच्या मागे तेल पाजलेली बांबूची काठी उभी असे. ती मूळची माकडांसाठी होती. पंचगंगा घाटाकडून माकडे गच्च्यांवरून येत, वाळवण नासत, नळ उघडे टाकत आणि अलीकडे इंटरनेटच्या तारा कुरतडत. दुपारी जेवणे झाली की आक्का काठी घेऊन वरच्या खिडकीत बसत. पण काठी माकडांपुरती राहिली नाही. दशाश्वमेधावर एका दलालाने बार्शीहून आलेल्या विधवा बाईची पिशवी हिसकावून तिला आपल्या लॉजकडे ओढत नेले, तेव्हा काठी घरी होती म्हणून आक्कांनी हातातला तांब्या त्याच्या कपाळावर घातला. टाके पडले. पुढे तोच दलाल मराठी बोलणारे कुणी रडत उभे दिसले की त्यांना आक्कांच्या दारापर्यंत आणून सोडू लागला. आत मात्र कधी आला नाही.

मी लहान असताना आम्ही त्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वडील रेल्वेत होते. मला आठवणारा पहिला मार माकडाला पोळी टाकल्याबद्दलचा आहे. पाठीत धपाटा बसला, त्यानंतर ताट वाढले गेले. “मार खाल्लास, आता भात खा,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते. दोन्ही गोष्टी त्या एकाच हाताने आणि सारख्याच मन लावून करत. नचिकेतचे आईवडील तो लहान असताना रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्याला आक्कांनी वाढवले, म्हणजे या दोन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त आल्या.

घराची एक रीत होती. आक्कांच्या आजेसासऱ्यांपासून ती चालत आली होती. महाराष्ट्रातून कुणी अस्थी घेऊन आले, किंवा काशीत येऊन कुणाचा म्हातारा गेला आणि मणिकर्णिकेवरून माणसे परतली, तर खालची ओसरी त्यांची. आल्याबरोबर पाणी आणि गुळाचा खडा. आणि प्रश्न विचारायचा नाही. नाव, गाव, जात, कोण गेले, कसे गेले, काही नाही. माणूस आपणहून बोलला तर ऐकायचे. “दुखवट्यातल्या माणसाला पूछताछ करायची ती पोलिसांनी,” असे आक्का म्हणत. काशीतल्या घरांची मराठी अशीच असते. हिंदी शब्द कुठून आत आला ते कुणाला कळत नाही.

महासाथीच्या काळात लोकांना प्रवास करता येईना. पुण्यात, सोलापुरात बसलेली मुले वडिलांचे दहावे-बारावे फोनवर पाहू लागली. त्यासाठी नचिकेतने घरात वायफाय घेतले. साथ ओसरली तरी ओसरीवर बसलेल्या माणसांची पहिली मागणी पाण्याची आणि दुसरी नेटची, हे कायम राहिले. पासवर्ड आक्कांनी ठरवला. मंगलागौरी, इंग्रजी अक्षरांत, पुढे-मागे काही नाही. पार सुन्न झालेल्या माणसाच्या ध्यानात देवीचे नाव तेवढे राहते, हे त्यांचे कारण. मग तेही सारखे सांगावे लागू नये म्हणून त्यांनी तो शब्द बाहेरच्या भिंतीवर, स्वस्तिकाच्या खाली, गेरूने लिहून घेतला.

नचिकेत विद्यापीठात नदीच्या गाळावर संशोधन करत होता. संगणक हा त्याचा विषय नव्हता, पण एवढे त्याला कळत होते. गल्लीतून जाणारा कुणीही आपल्या नेटवर बसू शकतो, आणि तिथून तो जे करील ते आपल्या नावावर लागेल, हे त्याने आक्कांना अनेकदा सांगितले.

“आपल्या विहिरीचं पाणी पिऊन कुणी बाहेर जाऊन शिवी दिली, तर ती आपण दिली का?” आक्कांनी विचारले.

“पोलिसांच्या लेखी, हो.”

“मग पोलिसांना पाणी पाजू नये.”

त्याने मधला मार्ग सुचवला. एकाच डब्यातून दोन नेट काढता येतात; एक घरचे, एक पाहुण्यांचे. पाहुण्यांचे प्रत्येक कुटुंब गेल्यावर बदलायचे. आक्कांनी हेही मानले नाही. घरच्यांना वेगळे पाणी आणि पाहुण्यांना वेगळे, असे या घरात कधी झाले नाही, एवढेच त्या म्हणाल्या. डब्याच्या आतल्या व्यवस्थेला कंपनीने घातलेला मूळ शब्दही तसाच राहिला. तो बदलायला आक्कांची परवानगी लागत नव्हती. नचिकेतने ते काम पुढे ढकलले.

समोर पितळी भांड्यांचे दुकान आहे. त्याच्यावरच त्या लोकांचे घर. त्या घरातली धाकटी मुलगी रत्ना एका शाळेत संगणक शिकवते. मागच्या पावसाळ्यात तिच्या नावाने कुणीतरी खोटी आयडी उघडली आणि तिच्या चेहऱ्याला दुसरे शरीर जोडून केलेली चित्रे टाकायला सुरुवात केली. ती चित्रे तिच्या शाळेपर्यंत गेली आणि तिचे शाळेत जाणे बंद झाले. ठरत आलेले लग्न मोडले. घरच्यांनी तक्रार दिली. चित्रे ज्या जोडणीवरून टाकली जात होती ती नचिकेतच्या नावावर निघाली. पोलीस त्याच्या घरी येण्याआधी त्याचे नाव रत्नाच्या घरी पोहोचले. ते कसे पोहोचले, याची चौकशी झाली नाही.

सळया घेऊन आलेल्या तिघांपैकी दोघे रत्नाचे भाऊ होते. मोठा मुन्ना दुकान चालवतो. तिसरा बृजेश, रत्नाच्या मोठ्या बहिणीचा दीर. तो दुकानात कामाला होता. त्याने स्वतःसाठी रत्नाला मागणी घातली होती आणि तिने नकार दिला होता. हे घरात सर्वांना माहीत होते, आणि त्या सकाळी कुणाच्या ध्यानात आले नाही.

दार नेहमीप्रमाणे उघडे होते. आक्का तुळशीला पाणी घालत होत्या. आत आलेल्या माणसांना त्यांनी रीतीप्रमाणे काही विचारले नाही. मुन्नाने अंगावर घेतलेल्या शालीआडच्या सळया त्यांनी उशिरा पाहिल्या. नचिकेत दाढी करत होता. पहिला घाव पाठीवर बसला, तो मुन्नाचा. धाकट्या भावाने हात धरले. नचिकेत हिंदीत विचारत राहिला की झाले काय आहे. मुन्ना फक्त बहिणीचे नाव घेत होता. तोंडावरचा घाव बृजेशने घातला. तो सळईच्या टोकाने घातलेला होता, असे डॉक्टरांच्या अहवालात आहे. तोवर आक्का दारामागची काठी घेऊन आल्या. न्हाणीच्या बोळात काठी फिरवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती खालून आडवी मारली. मुन्ना कोसळला. बृजेशने त्यांना ढकलले, त्या रांजणावर आपटल्या, रांजण फुटला. त्याच खापऱ्यांत बसून त्यांनी नचिकेतचे डोके मांडीवर घेतले आणि वरच्या भाडेकरूला हाक मारली.

त्यानंतर महिनाभर गल्लीने आक्कांना वाळीत टाकले. मारहाणीची तक्रार आक्कांनी दिली होती, पण चित्रांचा आरोपी नचिकेत होता. त्याचा फोन आणि लॅपटॉप जप्त झाला आणि विद्यापीठाने त्याला येऊ नका म्हणून कळवले. दूधवाला यायचा बंद झाला. मुली असलेल्या घरांनी आक्कांच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. एका सकाळी भिंतीवरच्या गेरूवर शेण फासलेले आढळले. आक्कांनी भिंत धुतली आणि तोच शब्द पुन्हा लिहिला. तो का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “शब्दाने काय केलंय? केलं ते माणसाने. तो कोण, ते मला पाहिजे.”

रत्ना भर दुपारी, पुढच्या दाराने आली. डोक्यावर ओढणी घेतली नव्हती. आक्कांनी तिला आधी एक थप्पड मारली, भावांना अडवले नाहीस म्हणून. मग पाणी दिले, गूळ दिला. रत्नाने गूळ खाल्ला आणि मग बोलली.

“दादी, नचिकेत भैया जब ऑपरेशन में थे, तब भी एक फोटो आई है। उसी आईडी से, आप ही के नेट से।”

हे तिने पोलिसांना सांगितले होते. तिथे तिला उत्तर मिळाले की त्याचा एखादा मित्र असेल. घरी सांगितले तेव्हा भाऊ म्हणाले, तू यात पडू नकोस. म्हणून ज्यांच्या नेटवरून आपली चित्रे निघत होती त्या आक्कांकडेच ती आली होती.

त्या दुपारी दोघींनी काय केले, ते नंतर दोघींकडून वेगवेगळे ऐकले, तपशील जुळतात. रत्नाने आधी डब्याच्या आतला कंपनीचा शब्द बदलला. डब्याच्या मागे एक कळ असते, ती दाबली की पासवर्डशिवाय जोडता येते. ती सोय तिने बंद केली. मग घरच्यांसाठी वेगळे नेट काढले. त्याच्या नावात ना घर ना देवी. पासवर्ड लांब असावा, दुसऱ्या कुणाला सुचू नये आणि तुम्हाला विसरता येऊ नये, असे तिने सांगितले. आक्कांनी एक अख्खे मराठी वाक्य सांगितले. रत्नाने ते जसे ऐकू आले तसे इंग्रजी अक्षरांत टाकले आणि अर्थ विचारला. आक्कांनी अर्थ सांगितला. त्यात नेट चोरणाऱ्याच्या बापाचा, आजोबांचा आणि त्यांच्या गाढवाचा उल्लेख होता. रत्ना हसली. शाळेत जाणे बंद झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली, असे तिची आई नंतर म्हणाली. त्या घरापर्यंत ते हसू ऐकू गेले होते.

जुने नेट मात्र आक्कांनी बंद करू दिले नाही. रत्नाने समजावले की धोका तोच आहे. आक्का म्हणाल्या, “दार लावलं की चोर बाहेर राहतो. पण बाहेर सगळी दुनिया आहे. त्यात चोर कोणता?” तेव्हा रत्नाने ते घरच्या नेटपासून तोडून, एका जुन्या वेगळ्या डब्यावर, तसेच चालू ठेवले. तेच नाव, तोच भिंतीवरचा शब्द. डबा वरच्या खिडकीत, आक्कांच्या माकडे हाकायच्या जागेजवळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का नेहमीसारख्या काठी घेऊन खिडकीत बसल्या आणि त्यांनी डब्याची विजेची पिन काढली. खाली अर्ध्या गल्लीने माना वर केल्या. पानवाल्याची क्रिकेटची मॅच थांबली. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून फोन हलवला. कचोरीवाला, त्याचा मेहुणा, शेजारचे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, सगळे आक्कांच्या नेटवर होते. तेच लोक महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. आक्का एकेकाच्या घरी गेल्या. काय बोलणे झाले ते त्यांच्यापैकी कुणी सांगत नाही. प्राध्यापकांनी एवढेच मान्य केले की त्यांनी आपल्या फोनमधून ती जोडणी आक्कांच्या देखत पुसली आणि याबद्दल कुठे न बोलण्याचा शब्द दिला. काठी समोर होती. दूध पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर पिन काढली तरी गल्ली शांत राहू लागली. आक्का रोज दुपारी बसत, मधूनच पिन काढत, लावत. बरेच दिवस काही झाले नाही. माघातल्या एका दुपारी घराच्या मागच्या बाजूला, खिडकीतून वाकले की दिसणाऱ्या बंद धर्मशाळेच्या पायरीवर बृजेश बसलेला दिसला. दुकानातून जेवायला जाणाऱ्या माणसाला तिथे बसण्याचे कारण नव्हते. आक्कांनी पिन काढली. बृजेशने फोन डोळ्यांजवळ नेला, मग उभा राहून भिंतीशी आला. पिन लावली, तो परत बसला. त्यांनी पुन्हा काढली. तो पुन्हा उठला. तिसऱ्यांदाही तो उठला तेव्हा त्यांनी रत्नाला फोन लावला आणि सांगितले की मागच्या दाराने ये, धावत ये.

रत्ना पोहोचली तेव्हा आक्का खाली उतरल्या होत्या. त्यांनी बृजेशला काही विचारले नाही. काठी मनगटावर बसली, फोन पायऱ्यांवरून खाली गेला आणि रत्नाने तो उचलला. फोनचा पडदा उघडा होता. त्यावर तिचा चेहरा होता, अर्धवट जोडलेला. बृजेश तिच्या अंगावर धावला. मध्ये आक्का आल्या. त्याने त्यांना दोन्ही हातांनी ढकलले. धर्मशाळेच्या पायऱ्या दगडी आणि उंच आहेत. आक्कांच्या खुब्याचे हाड मोडले.

आरडाओरड ऐकून मुन्ना कुबडी टेकत आला. रत्नाने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने कुबडी उलटी धरली आणि बृजेशच्या तोंडावर मारली, मग खाली पडल्यावर पुन्हा मारली. बृजेशचे दात पायरीवर पडले. मुन्ना तिसऱ्यांदा कुबडी उचलत असताना आक्का जमिनीवरूनच बोलल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता.

“पहले पूछ, मुन्ना। पिछली बार पूछना रह गया था।”

मुन्ना थांबला. त्याने विचारले. बृजेशने तिथेच, गल्लीसमोर, होय म्हटले. नेट आक्कांचेच का, हेही त्याने सांगितले. मुन्नाचे वडील वारले तेव्हा सगळे मणिकर्णिकेवरून परतले होते आणि गर्दी फार होती म्हणून आक्कांनी त्यांना आपल्या ओसरीवर बसवून पाणी दिले होते. त्या वेळी त्याने भिंतीवरचा शब्द फोनमध्ये घातला होता.

फोन पोलिसांनी ताब्यात घेतला. त्यात सगळी चित्रे होती. फाल्गुनात नचिकेतचे नाव आरोपातून वगळले गेले आणि विद्यापीठाने त्याला परत बोलावले. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो.

आक्का त्यानंतर अंथरुणातून उठल्या नाहीत. मारणे बंद झाले. हात पुरत नव्हता. त्याबद्दल त्या नाराज असत. भेटायला येणाऱ्यांना त्या जवळ बसायला सांगत, आणि जाणकार लोक जरा लांब बसत. ओसरीवर माणसे येत राहिली. पाणी, गूळ आणि नेट नचिकेत देई. पासवर्ड प्रत्येक कुटुंबाला वेगळा आणि ते गेले की रद्द. भिंतीवरचा गेरू आक्कांनी स्वतःच पुसायला सांगितला. “पाणी तेच आहे, फक्त पेला वेगळा,” असे त्यांनी रत्नाला म्हटले. तिचा मुद्दा मान्य केल्याची एवढीच कबुली त्यांनी दिली.

जबाब घ्यायला दंडाधिकारी घरी आले होते. बृजेशला तुम्ही मारले का, असे त्यांनी विचारले. आक्का म्हणाल्या, मारले. मुन्नाला मारले का? मारले. याचा पश्चात्ताप होतो का, हे दंडाधिकाऱ्यांनी विचारले नव्हते, तरी त्यांनी उत्तर दिले आणि ते जबाबात लिहिले गेले नाही.

चैत्रात मुन्ना आईला घेऊन मिठाईचा डबा घेऊन आला. मारहाणीची तक्रार मागे घ्या, असे त्याचे म्हणणे होते. आता खरा गुन्हेगार सापडला आहे, आपण स्वतः आयुष्यभर लंगडणार आहोत, धाकट्याचे लग्न व्हायचे आहे. तो रडला. आईने आक्कांच्या पायांवर डोके ठेवले. रत्ना बरोबर होती. ती भिंतीशी उभी राहिली आणि कोणाच्याच बाजूने बोलली नाही. आक्कांनी तिघांना पाणी द्यायला सांगितले, गूळ द्यायला सांगितला. मुन्नाने पाणी पिऊन पेला खाली ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “बेटा, रोज आ। रोज पानी मिलेगा। आँख का मुकदमा आँख का है, मेरा नहीं।” नचिकेतकडे पाहून त्यांनी मराठीत विचारले की तुला मागे घ्यायची आहे का. नचिकेत नाही म्हणाला.

मुन्ना त्यानंतरही येत असे. आक्का त्याला जवळ बसवत. एकदा त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. बऱ्याच दिवसांनी हात पोहोचला म्हणून त्या दिवशी त्यांचे मन प्रसन्न होते.

आक्का ज्येष्ठात, सकाळी, घरी वारल्या. मणिकर्णिकेवर अग्नी नचिकेतने दिला. खांदेकऱ्यांत पानवाला, प्राध्यापक आणि मुन्ना होते. मुन्नाने गल्लीच्या तोंडापासून घाटापर्यंत खांदा बदलू दिला नाही. बृजेश कोठडीत आहे. मुन्ना, त्याचा भाऊ आणि बृजेश यांच्याविरुद्धचा मारहाणीचा खटला सुरू झाला असून नचिकेतची साक्ष गेल्या महिन्यात नोंदवली गेली. तिघांनाही त्याने ओळखले.